आमच्या घरातले दोन शिकारी

फिनिक्स, अ‍ॅरिझोना
१४ जानेवारी २०२५

ती. बाबा आणि सौ. आई यांस,


तिळगूळ घ्या, गोड बोला. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी आईने गोडच बोलावं, अशी नम्र विनंती.

फोनवर तुमच्या जावयांनी ‘आम्ही काल रिव्हॉल्व्हर चालवलं’ एवढं एकच वाक्य टाकलं आणि नेमका फोन तुटला. मग आईने मावशीला, मावशीने नाशिकच्या मामांना आणि मामांनी थेट मला फोन केला. तोवर गोष्ट ‘त्यांच्या घरात चोर शिरला होता’ इथवर पोचली होती. म्हणून आधी खुलासा. चोर शिरला नाही. आम्ही बंदूक विकत घेतलेली नाही. मुलं त्या वेळी तबल्याच्या क्लासला होती. चौघांची मिळून चाळीस बोटं जागच्या जागी आहेत.

नंतर तुमचा दोघांचा मेसेज आला. आईने विचारलं होतं, ‘कशाला?’ आणि बाबांनी विचारलं होतं, ‘कॅलिबर कोणतं?’ खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत जन्म काढलेल्या माणसाला दुसरा प्रश्न सुचणार तरी कसा! बाबा, पॉइंट फोर फाइव्ह कोल्ट. आता आईच्या प्रश्नाकडे वळते.

शेजारचे आजोबा तुम्हाला आठवत असतील. मागच्या वेळी तुम्ही आला होतात तेव्हा एकमेकांचं इंग्रजी न समजता बाबा आणि ते त्यांच्या गवत कापायच्या मशीनचा कार्बोरेटर उघडून बसले होते, तेच. त्यांच्याकडे एक जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर आहे. काउबॉय सिनेमात कमरेला असतं ना, तसलं. संक्रांतीच्या आधी मी त्यांना तिळाच्या वड्या नेऊन दिल्या, तर परतफेड म्हणून ते म्हणाले, ‘रविवारी रेंजवर चला, तुम्हाला बार काढायला शिकवतो.’ वडीच्या बदल्यात इथे हे मिळतं.

पण लगेच निघता येईना. आमच्यासारख्या एच-१बी आणि एच-४ व्हिसावाल्यांना इथे बंदूक नुसती हातात घ्यायलाही केंद्रीय कायद्याने बंदी आहे. स्वतःची असो, भाड्याची असो, शेजाऱ्याची असो. कायद्यात एक सवलत मात्र ठेवलेली आहे: शिकारीचा परवाना जवळ असला तर चालतं. म्हणजे कागदावर काढलेल्या गोलावर नेम धरायचा, तर आधी आपण रानातली जनावरं मारणारे आहोत अशी सरकारदरबारी नोंद करायची! ज्या माणसाने केकमध्ये अंडं आहे हे कळल्यावर चूळ भरली होती, तो आता अ‍ॅरिझोना राज्याचा रीतसर शिकारी आहे. मीही आहे. परवाना काँप्युटरवर बसल्या बसल्या मिळतो आणि त्यात मासेमारीही येते, त्यामुळे माझ्या बाबतीत तरी कागदपत्रं अगदीच खोटी नाहीत. यांनी मात्र फॉर्म भरताना मला दोनदा विचारलं, ‘हा परवाना घेतला की काहीतरी मारावंच लागतं का?’ मी म्हटलं, ‘लायसन्स आहे, नवस नाही.’

रेंज शहराच्या उत्तरेला, वाळवंटाच्या कडेला आहे. नाव बेन अ‍ॅव्हरी. हे अ‍ॅव्हरी इथल्या वर्तमानपत्रातले वार्ताहर होते, आणि राज्याच्या वन्यजीव खात्याने चालवलेल्या रेंजला त्यांचं नाव आहे. आपल्याकडे वार्ताहराच्या नावाने फार तर चौक होतो. आजूबाजूला हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग. बंदुकांच्या इतक्या जवळ त्यांनी ही पोझ का घेतली असावी, हे आल्याबरोबर कळतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. वस्तू म्हणजे १८७३ च्या कोल्ट ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ची नक्कल. अमेरिकन लष्कराने त्या साली ते घेतलं आणि १८९२ पर्यंत वापरलं. घोडदळाचं साडेसात इंची नळीचं होतं. आजोबांचं साडेपाच इंची आहे. गंमत म्हणजे ही अस्सल अमेरिकन गोष्ट बनलेली आहे इटलीत, ब्रेशिया जिल्ह्यातल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया नावाच्या गावी. त्या खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या बंदुकाच करतात. बेरेट्टाही तिथलीच, १५२६ पासूनची. उबेर्टी नावाच्या कारागिराने १९५९ मध्ये तिथे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या रिव्हॉल्व्हरच्या नकला करायला घेतल्या, कारण त्या युद्धाची शताब्दी तोंडावर आली होती आणि अमेरिकनांना त्या लढाया पुन्हा खेळायच्या होत्या. कोल्ट कंपनीने तर दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी हे मॉडेल बंदच केलं होतं. टीव्हीवरच्या काउबॉय मालिकांनी लोकांना वेड लावलं, म्हणून १९५६ साली पुन्हा सुरू केलं. मूळ कंपनीचं आजही मिळतं, पण किंमत नकलेच्या काही पट. आजोबा म्हणतात, नेम चुकायचाच असेल तर स्वस्तातल्याने चुकवावा.

दिसायला मात्र देखणं आहे, हे मान्य करायला हवं. नळी आणि चक्र गर्द निळं-काळं, मूठ अक्रोडाची, आणि मधल्या सांगाड्यावर पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर दिसतात ना, तसे निळे-तपकिरी-जांभळे तवंग. हाड आणि लाकूड यांच्या कोळशात लोखंड तापवून एकदम पाण्यात बुडवलं की पृष्ठभाग कडक होतो आणि वर हे रंग उमटतात. ही झाली जुनी रीत. तुम्ही असता तर तिथेच खाली बसून भिंग काढलं असतं.

वजन किलोच्या थोडं वर. सिनेमात ते बोटाभोवती गरगर फिरवतात ना, त्या नटांबद्दलचा माझा आदर वाढला आणि त्यांच्या अकलेबद्दलचा कमी झाला. आजोबांनी पहिला सगळा वेळ बार न काढता घालवला. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही. नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते बघायचं. हे त्यांनी आमच्याकडून म्हणून घेतलं. तुमच्या जावयांनी इंजिनीअरिंगच्या तोंडी परीक्षेतही इतक्या गांभीर्याने उत्तरं दिली नसतील.

मग भरणं. घोडा अर्धा ओढायचा, म्हणजे चक्र मोकळं फिरतं. उजव्या बाजूला एक छोटी झडप आहे, ती उघडायची. एक काडतूस घालायचं, एक घर सोडायचं, पुढची चार भरायची. मग घोडा पूर्ण मागे घेऊन अंगठ्याने धरून अलगद खाली सोडायचा. तो बरोबर रिकाम्या घरावर येऊन बसतो. घोड्याच्या नाकावरच टोचणी आहे. सहाही घरं भरली, तर ती काडतुसाच्या टोपीवर टेकून राहते आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर बार उडतो. बरोबर शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये, रुगर कंपनीने आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि टोचणी यांच्यामध्ये एक सरकती पट्टी बसवून ही भीती काढून टाकली. आजोबांना पट्टी नको, हिशेब हवा. तेव्हा सहाबारी म्हणून जगभर मिरवणारं हे शस्त्र शहाण्या माणसाच्या हाती पाचबारीच असतं.

हे ऐकल्यावर तुमच्या जावयांना जो प्रश्न पडला तो फक्त आपल्याच लोकांना पडू शकतो. ‘शोले’तल्या गब्बरचं गणित सहा गोळ्यांवर उभं आहे. माणसं तीन, गोळ्या सहा, म्हणून तीन हवेत. तो जर नियम पाळणारा गृहस्थ असता तर पाचच भरल्या असत्या, दोनच हवेत उडवल्या असत्या आणि संवाद नव्याने लिहावा लागला असता. हे सगळं त्यांनी आजोबांना इंग्रजीत समजावून सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘या माणसाला रेंजवर कोणी येऊ दिलं?’

पहिला मान जावयांचा. घोडा मागे घेताना चार खटके येतात. इथले जुने लोक सांगतात की ती कोल्टच्या नावाची चार अक्षरं आहेत. कानावर मोठाले इअरमफ असल्यामुळे ते ऐकू येत नाहीत, अंगठ्याला कळतात. आता इथे नेमाचं साधन म्हणजे वरच्या पट्टीतली एक बारीक खाच आणि नळीच्या टोकाला पातळशी माशी, बस्स. यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग चष्मा पुसला. शेवटी बार निघाला आणि सात यार्डांवरच्या कागदाच्या बऱ्याच खाली मातीचा छोटा फवारा उडाला. गोळी अडीचशे ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास शिसं. काडतूस इथे डॉलरच्या घरात पडतं. यांनी लगेच रुपयांत हिशेब केला आणि पुढचे चार बार दुःखात काढले.

माझं सांगते. मला वाटलं होतं खांद्यापर्यंत हिसका बसेल. तसं होत नाही. या मुठीचा आकार असा उतरता, बाकदार आहे की बार उडाला की ती तळव्यात गुंडाळल्यासारखी वर फिरते आणि नळी आभाळाकडे बघू लागते. जोर अंगावर येण्याऐवजी वर निघून जातो. करंगळीला मुठीवर जागा उरत नाही, ती खाली दुमडून घ्यायची. आणि नळी वर गेली की घोडा आपणहून अंगठ्याखाली येतो. पुढच्या बारासाठी तो ओढायचा म्हणजे हात खाली आणता आणता आपसूक होणारी गोष्ट. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाताचा नीट विचार करून ही वस्तू घडवली आहे, हे त्या एका क्षणात समजतं. चाप मात्र फारच हलका. मी अजून विचार करत होते तेव्हाच बार निघाला होता. आजोबा म्हणाले, असाच निघायला हवा.

माझी पाचही भोकं कागदावर आली. एका तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ जवळ, पण काळ्या वर्तुळाच्या चार बोटं खाली. आई, ही तुझी बाजू. कोल्हापूरचं रक्त आहे. गेल्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्राँझ घेतलं तेव्हा तूच सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले होतेस, आणि राही सरनोबतच्या पिस्तुलाचं कौतुक तर मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. तेव्हा नेमबाजी वाईट असं तुला म्हणता येणार नाही. कोल्हापूरच्या पोरांनी केली तर खेळ आणि मुलीने केली तर ‘कशाला?’ हे बरं नाही.

चार बोटं खाली का, याचं उत्तर बाबांना आवडेल. या रिव्हॉल्व्हरवर नेम वरखाली करायला स्क्रू वगैरे काही नाही. कारखाना माशी मुद्दाम जरा उंच ठेवून देतो. ज्याने त्याने आपापलं काडतूस ठरवायचं आणि कानस घेऊन माशी थोडी थोडी घासायची. माशी ठेंगणी झाली की गोळी वर लागते. आजोबा वर्षानुवर्षं ‘या उन्हाळ्यात घासतो’ म्हणताहेत. एकदा जास्त घासली गेली तर परत वाढवता येत नाही, ही भीती. तुम्ही आल्याशिवाय त्यांनी कानसीला हात लावू नये, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. कॅलिपर घेऊन या.

शेजारच्या टेबलावर एक पोरगा आधुनिक पिस्तूल घेऊन आला होता. आमची पाच काडतुसं भरून होईपर्यंत त्याने आख्खा खोका संपवला. रिकाम्या पुंगळ्या त्याच्या पिस्तुलातून आपोआप उडून बाजूला पडत होत्या. आमच्या इथे तेही काम हातानेच: झडप उघडा, नळीखालचा दांडा मागे दाबा, एक पुंगळी बाहेर, चक्र फिरवा, दुसरी. मला विचाराल तर या शस्त्राचं खरं सुख या सावकाशीत आहे. त्या पोराला आपण किती बार काढले हे आठवत नसेल. मला पाचही बार एकेक करून आठवतात. पुंगळ्या आजोबांनी एकही सोडली नाही, सगळ्या खिशात. घरी गॅरेजमध्ये त्यांचा प्रेस आहे. जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, दारू तोलून भरायची, वर गोळी दाबायची. तुमची फॅक्टरी १८६९ पासून जे करते आहे ते हा माणूस रेडिओ ऐकत घरी करतो. ‘तुमच्या सासऱ्यांना इथे बसवलं तर मी दुकान काढीन,’ असं ते जावयांना म्हणाले.

शेवटी त्यांनी वेगळ्या डबीतली काडतुसं काढली. काळ्या दारूची, मूळ पद्धतीची. तेव्हाच्या काडतुसात चाळीस ग्रेन काळी दारू असायची. बार निघाला आणि समोर पांढऱ्या धुराची भिंत उभी राहिली. लक्ष्य, निवडुंग, डोंगर सगळं गायब. आवाज जाड. आणि वास थेट लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा! मसाला तोच ना, सोरा, गंधक आणि कोळसा. हे दोन मिनिटं नाक वर करून उभेच राहिले. सिनेमात वीस माणसं एकदम गोळ्या झाडतात तरी सगळं लख्ख दिसतं, ती शुद्ध थाप आहे. टूमस्टोन इथून तीनेक तासांवर आहे, तिथली ओ. के. कोरलची चकमक २६ ऑक्टोबर १८८१ ची. अर्ध्या मिनिटात तीसेक बार उडाले म्हणतात. त्या धुरात कोणी कोणाला पाहिलं असेल कोण जाणे. त्याहून मजेदार म्हणजे भांडणाचं निमित्त. गावात शस्त्र बाळगून फिरायला बंदी होती आणि समोरचे लोक ती मोडत होते. रानटी पश्चिम म्हणून जिची ख्याती, तिथे तेव्हा असा नियम होता! आजच्या अ‍ॅरिझोनात तो सुचवून बघावा कोणीतरी.

काळ्या दारूचा एक दोष. तिची राख ओल धरते आणि लोखंड खाते, म्हणून त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुवावं लागतं. हे काम तुमच्या जावयांनी आजोबांच्या अंगणात घमेलं घेऊन बसून केलं, ब्रश, फडकं, शेवटी तेलाचा हात. आई, लग्न झाल्यापासून या माणसाने घासलेली ही पहिली गोष्ट. कढईबद्दल मी बोलणी सुरू केली आहेत.

या बंदुकीला इथले लोक पश्चिम जिंकणारी म्हणतात. कोणाकडून जिंकली, ते विचारायचं नाही. रेंजवरून येताना मी आजोबांना म्हटलं, १८७३ म्हणजे आमच्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला ते साल. त्याच साली त्यांचं ‘गुलामगिरी’ आलं, आणि ते त्यांनी गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं आहे. आजोबांनी गाडी बाजूला घेऊन नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं आणि म्हणाले, ‘त्या वर्षाचं हेच एक लोखंड मला माहीत होतं.’ बाबा, तुमच्याकडे इंग्रजी भाषांतर असेल तर सवडीने पाठवा.

आई, तुझ्या काळजीबद्दल मी थट्टा करत नाहीये. आमच्या चिऊच्या शाळेत वर्गाचा दिवा बंद करून, दार लावून, कोपऱ्यात चुपचाप बसायची तालीम होते. कशासाठी ते तिला नीट ठाऊक आहे. त्या तालमीचा कागद शाळेतून घरी आला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. म्हणून सांगते, आमच्या घरात ही वस्तू येणार नाही. आजोबांचीही लोखंडी तिजोरीत असते, किल्ली त्यांच्या गळ्यात. इथे घरोघरी एवढी खबरदारी असती, तर ती तालीमही लागली नसती.

आता कामाचं. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच रेंजवर काउबॉय नेमबाजांची मोठी स्पर्धा भरते. १९८७ पासूनची त्यांची संस्था आहे. प्रत्येक सभासदाचं एक टोपणनाव, आणि एकाचं दुसऱ्याला मिळत नाही. आम्ही नुसते बघायला जाणार, तरी यांनी आपलं नाव ठरवून टाकलंय: ‘खडकी किड’. पोशाखाचा नियम आहे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. इथल्या बायका झालरींचे झगे शिवून घेतात. मी म्हटलं, त्या काळात माझी खापरपणजी काय नेसत होती? तेव्हा आई, आजीचं हिरवं इरकली नऊवारी लुगडं कपाटात खालच्या कप्प्यात आहे, ते पाठव. बरोबर मेतकूट आणि भाजणीही चालेल. काष्टा नीट घालायचा व्हिडिओ मात्र मावशीकडून काढून घे, तुझा हात थरथरतो आणि शेवटी फक्त पंखा दिसतो. बाबांसाठी आजोबांनी पाच रिकाम्या पुंगळ्या बाजूला ठेवल्या होत्या. विमानतळावर त्यांचं काय स्पष्टीकरण द्यायचं ते मला सुचलं नाही, म्हणून नुसता फोटो पाठवते.

मुलांचे साष्टांग नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. आत्ताच वन्यजीव खात्याची ईमेल आली. एल्क हरणांच्या शिकारीसाठी सोडत निघणार आहे, अर्ज करायची मुदत फेब्रुवारीत. नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षासाठी जादा गुण मिळतात. जावई म्हणताहेत, म्हाडात एवढी वर्षं अर्ज केले, तिथे कोणी एक गुण दिला नाही. इथे भरून बघायला काय हरकत आहे? लागलाच, तर एल्कचा फोटो काढून परत येणार आहेत.